निखाडेंची दुमजली विंग

भिलाईच्या हुडको वस्तीत निखाडेंच्या दारासमोर ती लाल गाडी एका सकाळी येऊन उभी राहिली, तेव्हा शेजारच्या बाबुलालने चहाचा कप हातात घेऊनच तिला दोन प्रदक्षिणा घातल्या. गाडी तशी साधी, चार माणसांची, बायकापोरांना घेऊन बाजाराला जावं तसली. पण तिच्या अंगावर जे जे चढवलं होतं ते पाहून बाबुलालला राहवेना. पुढे बंपरखाली वीतभर बाहेर आलेली फळी, जमिनीला आता टेकते की मग टेकते अशी. दोन्ही गालांवर आडव्या दोन-दोन मिशा. बॉनेटला फटी. आणि मागे, छताच्याही वर, दोन खांबांवर तोललेली एकावर एक दोन पाती, कडांना उभे पत्रे ठोकलेली.

"क्या निखाडेजी, इसपे कपड़े सुखाओगे क्या?"

"हवा बिठाएंगे," देवीदासभाऊ म्हणाले आणि फडक्याने पात्यावरची धूळ पुसत राहिले.

बाबुलालला ते समजलं नाही, आणि देवीदासभाऊंनी समजावून सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर बाबुलालचा चहा तर थंड झालाच असता, पण स्वतःची एक लबाडीही त्यांना सांगावी लागली असती. आपण सांगू. आता ती सांगायला त्यांचीही हरकत नाही.

देवीदास निखाडे हे आमगावकडच्या एका खेड्यातले. धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी पॅसेंजरने दुर्गला उतरला, भिलाईच्या प्लांटात लागला आणि साठाव्या वर्षी रिटायर होऊनच बाहेर आला. खातं पत्र्याचं. भट्टीवरचा धूर आणि धूळ ओढून नेणारे हुड बनवायचे आणि त्यांना जोडलेले डक्ट, म्हणजे हवेचे चौकोनी बोगदे. हे काम मोठं कृतघ्न असतं. चाललं तर कोणाचं लक्ष जात नाही, आणि बिघडलं की खालचे सगळे वर पाहून शिव्या घालतात. देवीदासभाऊंनी एकेचाळीस वर्षं शिव्या कमी खाल्ल्या, एवढीच त्यांची कीर्ती.

रेणू ही त्यांची एकुलती एक, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली. सुपेल्यात एका पॅथॉलॉजीत लॅब टेक्निशियन. आठवडाभर लोकांचं रक्त तपासायची आणि सुटीच्या दिवशी बापाचं आटवायची. म्हणजे असं, की ती रॅलीच्या, कच्च्या रस्त्यांवरच्या मोटारशर्यतीच्या, गाडीत बसायची. गाडी चालवायचा शुभम. त्याचं मोहन नगरात गॅरेज होतं. रेणू त्याच्या शेजारच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसायची आणि पुढचं वळण किती, चढ किती, उडी कुठे, ते वेळेआधी ओरडून सांगायची. वस्तीतल्या लोकांनी दोघांचं लग्न केव्हाच लावून टाकलं होतं. फक्त त्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

गेल्या वर्षी एका कच्च्या रस्त्याच्या रॅलीत गाडी उंचवट्यावरून उडाली आणि नाकावर आपटली. शुभमला खरचटलंही नाही. रेणूचं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. मनकर्णाकाकू सव्वीस वर्षांच्या लेकीची वेणी घालायच्या आणि घालता घालता डोळे पुसायच्या. देवीदासभाऊ दारात उभे राहून ते पाहायचे. हात गळ्यातून निघाला त्या दिवशी त्यांनी लेकीला समोर बसवलं.

"रेणू, बस झालं आता. वही वाचाची हौस असन तर घरी बसून वाच."

"बाबा, गाडी नाकावर पडली म्हून हे झालं. चारी चाकांवर पडली असती तर काईच झालं नसतं."

"मग पडत कावून नाही चारी चाकांवर?"

"उडीत मागून उचलल्या जाते. मागं दाबून धरणारं काही नाही. मोठी विंग पाहिजे." ती थोडी थांबली. "तुमी बनवा ना. हवेचं काम तुमच्याहून जास्त कोणाले येते? उडीत गाडी सरळ पडली तर मी बसीन. नाही पडली तर सोडीन रॅली. मंग तुमी म्हणसान तसं."

देवीदासभाऊ लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मनकर्णाकाकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

रेणूने मोबाइलवर त्यांना मोठमोठ्या रॅलींचे फोटो दाखवले. देवीदासभाऊंना आधी वाटलं, ही नुसती जत्रेची सजावट. मग पाहता पाहता त्यांच्यातला पत्र्याचा माणूस जागा झाला. पुढची फळी हवेला गाडीखाली घुसू देत नाही आणि नाक खाली धरते. मिशा हवेला चाकांवरून बाजूला वळवतात. फटींतून इंजिनाची गरम हवा निघून जाते. मागची विंग उलट्या पंखासारखी. विमानाचा पंख उचलतो, ही दाबते. एवढी अवाढव्य का? तर मातीच्या रस्त्यावर गाडी फार जोरात पळू शकत नाही. वेग कमी म्हणजे वारा कमी, म्हणून पातं मोठं लागतं. आणि रॅलीतली गाडी निम्मा वेळ तिरपीच घसरत असते, म्हणून कडेचे उभे पत्रे. बाजूने आलेल्या वाऱ्याचा धक्का घेऊन ते गाडीची शेपटी सरळ करतात. "डोकं आहे बुवा," ते म्हणाले. फोटोतल्या ज्या कोणी परदेशी कारागिराने ते बनवलं होतं, त्याच्याबद्दल त्यांना घटकाभर सख्ख्या भावासारखं वाटलं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माणूस लोखंडाच्या गावचा. पहिली विंग त्यांनी बनवली ती तीन एमएमच्या लोखंडी पत्र्याची, अँगलचे खांब, कोपऱ्याकोपऱ्यात त्रिकोणी टेके. पन्नास वर्षं हलणार नाही असं काम. वजन चोवीस किलो. शुभमने ती उचलून पाहिली आणि परत हळूच खाली ठेवली.

"काका, इसपे तो क्रेन खडी हो जाएगी."

"तुमाले दाबच पाहिजे ना? वजन बी दाबतेच."

रेणू हसू दाबत म्हणाली, "बाबा, उडीत गाडी पडते तशी विंग बी सोबतच पडते. हवेत वजन काई दाबत नाही. दाबाचं तर वाऱ्यानं. अन् वळणावर एवढं वजन मागून गाडीले फेकून देईन."

देवीदासभाऊंनी मान्य करायला एक तास घेतला. मान्य केल्यावर मात्र मनापासून केलं. दुसरी विंग अॅल्युमिनियमची केली, आत फासळ्या, वरून पातळ पत्रा, सगळं पॉप रिव्हेटवर. चार किलोलाही शंभर ग्रॅम कमी. ती त्यांनी मागच्या दारावर, काचेच्या अगदी लगत बसवली. दिसायला देखणी. शुभमने शिट्टी वाजवली.

आता ती काम करते की नाही हे कसं कळायचं? प्लांटात याचा उपाय सोपा होता. हुडाच्या तोंडाशी सुताचा धागा धरायचा. धागा आत ओढला गेला, तर हवा खरी. देवीदासभाऊंनी मनकर्णाकाकूंची तोरणाची लाल लोकर मागून घेतली, तिचे बोटाएवढे तुकडे केले आणि छतावर, काचेवर, विंगच्या वर-खाली चिकटपट्टीने लावले. बुधवारी सकाळी उतईच्या रिकाम्या रस्त्यावर शुभमने गाडी पळवली. मागच्या गाडीतून रेणूने व्हिडिओ काढला.

गॅरेजमध्ये तो व्हिडिओ देवीदासभाऊंनी एकट्यानेच, चष्मा वर-खाली करत, चार वेळा पाहिला. छतावरचे धागे सरळ मागे ताठ. पण छत संपलं, काचेचा उतार लागला, की तिथून खालचे सगळे धागे गरगरत होते, कधी पुढे, कधी मागे, दोन तर चक्क वर उभे. विंगवरचेही तसेच. एकेचाळीस वर्षं हवेची नोकरी केलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको होतं. छतामागच्या त्या खोलगट जागेत वारा पोचतच नव्हता. मोठ्या रॅलीवाले आपली विंग छताच्या वर का उचलतात ते आता त्यांना लख्ख कळलं. ही विंग जिथे होती तिथे तिचा उपयोग फक्त फोटोपुरता.

आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. ही अशीच राहू दिली तर रविवारी पैजेची जी उडी ठरली होती, तिच्यात गाडी पुन्हा नाकावर पडणार. शुभम बेतानेच उडवणार, त्यामुळे कोणाला फार लागायचं नाही. पण पैज हरेल. रेणू शब्दाची पक्की, रॅली सुटेल. पोर घरी राहील, हाडं शाबूत राहतील, आई रडायची थांबेल. आणि यातलं काहीही बापाने केलं असं होणार नाही. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं.

"कसं आहे काका?" शुभमने विचारलं.

"बसलं," देवीदासभाऊ म्हणाले. "ठीक आहे."

रेणूने मोबाइल परत घेतला, बापाकडे एकदा पाहिलं आणि ड्यूटीला निघून गेली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. गुरुवारी देवीदासभाऊंना भाजी अळणी लागली, शुक्रवारी खारट. शनिवारी तर त्यांनी ताट अर्ध्यावर सोडलं. मनकर्णाकाकू म्हणाल्या, "अवो, काय होऊन राह्यलं तुमाले? पोटात दुखते काय?"

"पोटात नाही," ते म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.

रविवारी पहाटे त्यांना पत्र्याचं काम शिकवणारे हिरालाल उस्ताद आठवले. खरं तर चार दिवस ते उस्तादांना आठवायचं टाळत होते. प्लांटात लागल्याच्या दुसऱ्या वर्षी देवीदासने घाईघाईत एक हुड बसवला होता. वरून चकाचक. पण डक्टच्या काटकोनी वळणात आतून ज्या वाकवलेल्या पट्ट्या लावायच्या असतात, त्या त्याने लावल्या नव्हत्या. आत कोण पाहतो! उस्तादांनी पाहिलं. रागावले नाहीत. फक्त हुडाखाली एक स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बैठ. जिसने बनाया वही पहले सूँघेगा." तासभर तो धुरात बसला. हवा वळणावर रुसून अडली होती आणि धूर सगळा खाली, त्याच्या नाकातोंडात. तेव्हापासून त्या खात्याचा रिवाजच झाला. नवा हुड लागला की बनवणारा पहिला तासभर त्याच्याखाली बसणार, मग कामगार. देवीदासभाऊ रिटायर होईपर्यंत बसले. आणि आता? आता स्टुलावर लेकीला बसवणार होते.

ते उठले, तोंडावर पाणी मारलं, स्कूटरला किक मारली आणि मोहन नगरला जाऊन शुभमचं दार वाजवलं.

"विंग खोल. वर न्यायची आहे."

साडेसातला काम सुरू झालं. हातभर उंचीचे नवे खांब, खालून निमुळते. पातं छताच्या वर आणलं आणि दाब वाढावा म्हणून चांगलं तिरपं केलं. बाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारली. वरचे धागे ताठ, पण पात्याच्या पोटाखालचे अजून फडफडतच होते. शुभमने डोकं खाजवलं. देवीदासभाऊंना मात्र ती फडफड ओळखीची होती. वळण फार तीव्र झालं होतं. हवा पात्याला सोडून जात होती. डक्टमध्ये अशा वळणाला काय करतात? मध्ये वाकवलेली पट्टी घालतात, हवेला हात धरून वळवतात. त्यांनी उरलेल्या पत्र्यातून एक अरुंद पातं कापलं, बाक दिला आणि मोठ्या पात्याच्या मागच्या काठावर, बोटभर फट ठेवून चढवलं. "अरे, हे तर आपल्याच घरचं आहे," ते स्वतःशी म्हणाले, आणि उस्तादांच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले. त्या तासाभराच्या धुराचे त्यांनी मनापासून आभार मानले. त्या माणसाने तेव्हा रागावून सोडून दिलं असतं, तर आज त्यांच्या हाताला हे सुचलं नसतं.

दहाला रेणू आली. विंग छताच्या वर गेलेली तिने पाहिली आणि शेजारी उकिडवी बसली. देवीदासभाऊंनी रिव्हेटची बंदूक खाली ठेवली.

"रेणू, खालची विंग कामाची नव्हती. मले बुधवारीच दिसलं होतं." त्यांनी हात फडक्याला पुसले. "मी मुद्दाम बोललो नाही. तू हरशीन म्हून."

शुभम आवाज न करता पाना शोधायला आत गेला. रेणूने बापाकडे पाहिलं नाही. डब्यातला एक रिव्हेट उचलून पुढे केला. "अजून किती राह्यले?"

"बारा."

बारा रिव्हेट तिने एकेक करून दिले.

दुपारी उतईच्या पुढे, शुभमच्या मामाच्या शेतात मुरमाच्या गाडीवाटेवर गाडी उभी राहिली. कालव्याच्या कडेला चांगला उंचवटा होता. रेणू हेल्मेट घालायला लागली तर देवीदासभाऊंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"पयले मी."

"बाबा, तुमी त्रेसष्ट वर्षांचे आहा!"

"हुड म्या बनवला ना. मंग पयलं नाक माझं."

शुभमने समजावलं, रेणूने दटावलं, पण काही उपयोग झाला नाही. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, हेल्मेट चढवलं, पाच पट्ट्यांत स्वतःला आवळून घेतलं आणि हनुमान चालिसा सुरू केली. गाडी सुटली. खडे तळाशी तडतडले, उंचवटा अंगावर आला, आणि मग तडतड एकदम थांबली. आवाजच नाही. समोर नुसतं आभाळ. आता नाक खाली जाणार, आता जाणार, असं म्हणत त्यांनी दोन्ही पाय गाडीच्या तळाशी रोवले. नाक गेलं नाही. मागून कुणीतरी हळूच धरून ठेवावं तशी गाडी सपाट राहिली आणि चारी चाकांवर एकदम टेकली.

शुभम ओरडला, "काका! हो गया!"

देवीदासभाऊ म्हणाले, "पुन्हा मार."

पुन्हा मारली. पुन्हा सरळ. "अजून." शुभमला वाटलं म्हाताऱ्याला चटक लागली. त्याला काय ठाऊक, की उस्तादांचा नियम तासाचा होता. अकरा उड्या झाल्या. अकराव्यानंतर शुभमनेच हात जोडले, तेव्हा देवीदासभाऊ बाहेर आले. रेणूने त्यांना धरलं आणि हेल्मेट काढलं. केस घामाने डोक्याला चिकटलेले.

"पडते सरळ," ते म्हणाले. "तू बसू शकते."

"बाबा, एक सांगू?" ती त्यांचे केस मागे सारत म्हणाली. "बुधवारचा व्हिडिओ म्याच काढला होता. धागे मले बी दिसले होते."

देवीदासभाऊंनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"मंग बोलली कावून नाही?"

"तुमी बोलसान म्हून."

"अन् मी बोललोच नसतो तर?"

रेणूने खांदे उडवले. मोडून जुळलेला खांदा थोडा कमी वर गेला. "तर आज उडी मारली असती, गाडी नाकावर पडली असती, अन् मी रॅली सोडली असती. तुमाले काई म्हटलं नसतं. कोणालेच नसतं."

ही पोर चार दिवस तेच ताट, तीच भाजी, तोच बाप समोर घेऊन जेवली होती, आणि बापाची लाज राहावी म्हणून आपली आवडती गोष्ट मुकाट टाकून द्यायला तयार बसली होती. खोटं पकडलं होतं, पण पकडलं असं दाखवलं नव्हतं. बापाला परत यायला वाट मोकळी ठेवली होती. देवीदासभाऊंना आयुष्यात पुष्कळ मिळालं होतं, प्लांटने दिलं, उस्तादांनी दिलं, मनकर्णाने दिलं. त्या सगळ्यांसाठी त्यांनी वेळोवेळी देवाला नारळ फोडला होता. पण असं काही कोणी देतं, आणि तेही आपल्याच घरात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी भर शेतात, शुभमसमोर, त्याच्या मामासमोर, लेकीला हात जोडले.

"बाबा! काय करून राह्यले? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

"खाली करा हात."

"थांब ना वं जराशी," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

मग रेणू सीटवर बसली. वही मांडीवर घेतली. पट्टे त्यांनीच लावले. बरगड्यांवरचा, कमरेवरचा, आणि मग त्या खांद्यावरचा, जो लावताना त्यांचा हात थबकला.

"ओढा," रेणू म्हणाली. "ढिला नका ठेवू."

देवीदासभाऊंनी पट्टा घट्ट ओढला, दार लावलं आणि गाडीला वाट करून दिली.